बेवारस ओळी

मिलिंद कोड मोठ्याने वाचायचा. मनातल्या मनात नाही, पुटपुटूनही नाही. चांगला खणखणीत आवाज लावून, चपला काढून, आमच्या दवाखान्याच्या अंगणात येरझारा घालत वाचायचा. हातात पाठकोऱ्या कागदांवर छापलेला गठ्ठा. कंस उघडला की "उघडला" म्हणायचा आणि तो मिटेपर्यंत मान वर करायचा नाही, मग समोरून स्ट्रेचर येवो की गाय येवो. पहिल्याच आठवड्यात बायकांच्या वॉर्डातल्या एका म्हातारीने मला जवळ बोलावलं. "बाई, हा पोरगा कोनती पोथी वाचून राह्यला? एकाही देवाचं नाव येत नाई त्याच्यात."

मी म्हटलं, "आजी, हे मशीनची पोथी हाय."

"अवो, मंग मशीन याच्या पाया पडते का हा मशीनच्या?"

मी हे मिलिंदला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आजीले सांगा, अजून ठरलं नाई."

तर असा हा मिलिंद. मूळचा वरोऱ्याचा. आई शाळेत शिपाई होती, वडील लवकर गेले. शिकून हैदराबादच्या एका कंपनीत लागला आणि बरीच वर्षं तिथे डेटाबेसच्या पोटात काम केलं. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार, एवढं मला तेव्हा ठाऊक होतं. त्या कोठाराच्या भिंती, दारं, कप्पे ज्या सी भाषेत लिहितात, ती याची रोजची भाषा. आईला एकटं ठेववेना म्हणून परत आला आणि आमच्या डॉक्टरबाईंनी त्याला पकडलं. पगार सांगताना त्यांचाच आवाज खाली गेला. हा म्हणाला, "चालते. जेवन चांगलं हाय का?" जेवण चांगलं नव्हतं. तरी राहिला.

आमचा दवाखाना पोंभुर्णा तालुक्यात, जंगलाला लागून. एका ट्रस्टचा, लहानसा. मी नोंदणीच्या खिडकीवर बसते. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं बघून बघून शिकले. टायपिंग, कॉम्प्युटर, आणि हे असं चार ओळी लिहिणंही. आमच्याकडे सिकलसेलची माणसं फार. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, हाडं ठणकतात, रक्त उतरतं, मग दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. एकदा नाही, जन्मभर. जिवतीच्या डोंगरापासून तिकडे गडचिरोलीच्या हद्दीपर्यंत आमची लहान लहान केंद्रं आहेत. नेटवर्क कधी असतं, बहुतेक नसतं. म्हणून मिलिंदने एका फुकट मिळणाऱ्या डेटाबेसचा सोर्स कोड घेतला, आमच्या दान मिळालेल्या जुन्या मशीनवर मावेल असा कापला, शिवला. वाळवीने खाल्लेल्या जुन्या रजिस्टरांतल्या नोंदीही आम्ही वाचता आल्या तेवढ्या त्यात चढवल्या. केंद्रांवर नोंदी व्हायच्या, शुक्रवारी ड्रायव्हर सगळ्यांचे पेनड्राइव्ह गोळा करून आणायचा, आणि शनिवारी इथल्या मोठ्या मशीनवर सगळ्यांची मिळवणी व्हायची.

ही मिळवणी बघत बसले होते तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "अरे, कोनाले एकदा रक्त चढते, कोनाले वीसदा. मंग प्रत्येकाले किती जागा ठेवतं तू?"

असं विचारलं की तो फार खूश व्हायचा. हातातला चहा ठेवून द्यायचा. "बाई, तुमच्या गावातलं घर डोळ्यांसमोर आना. पुढं ओसरी, मंग माजघर, मंग सैपाकघर. आनि सगळ्यात मांग वाडी. बरोबर?"

"बरोबर."

"समजा सगळ्यांचं घर एकाच मापाचं हाय. नाव, वय, गाव, रक्तगट. पन वाडी ज्याची त्याची. एक तपासनी, नाई तर एक डाव चढलेलं रक्त, म्हंजे एक वाफा, एक ओळ. कोनाचा एकच वाफा, कोनाचे वीस. दारावर आकडा लिवला, मांग किती वाफे हायत तो. याले सी मध्ये स्ट्रक्चर म्हनते. आनि वाडी म्हंजे शेवटचा ॲरे, ज्याची लांबी आधी ठरली नसते. तो शेवटीच पाहिजे. काऊन?"

"वाडी माजघरात कशी आनतं? पुढं वाढाले जागा नको?"

"व्वा बाई!" त्याने खरंच टाळी वाजवली. "आता गंमत ऐका. जुन्या कोडमध्ये त्या ॲरेच्या कंसात एक लिवलेला असते. एक म्हंजे एक नाई. एक म्हंजे निदान एक, पुढं लागन तेवढे. वाचनाऱ्यानं समजून घ्याचं. पन मशीनले विचारलं, हे घर केवढं? तर मशीन सांगते, घर आनि एक वाफा. बाकीची वाडी तिले दिसतच नाई. म्हनून घर हलवाचं असन तर आधी दारावरचा आकडा वाचाचा, वाडी मोजाची, आनि मंगच उचलाचं."

हे त्याचं सगळ्या बाबतीत असायचं. कुणी अर्धी गोष्ट सांगितली, की मान वाकडी करून म्हणायचा, "मांगचं सांगा, मांगचं." नर्स म्हणाली, पेशंट बरा आहे, तर हा म्हणणार, "दारातून पाहिला का आत जाऊन?" आणि एखादी गोष्ट सुरळीत चालली म्हणून आम्ही आनंदात असलो की हटकून बोलायचा, "चालून राह्यलं म्हंजे बरोबर हाय असं नाई बाई." डॉक्टरबाई त्याला चिडवायच्या, "मिलिंद, तुझं लग्न झालं तर बायको घरात आल्यावर आधी मागची वाडी मोजशील." तो लाजायचा. तेवढ्यापुरता वीस वर्षांचा दिसायचा.

आता त्या चुकीबद्दल सांगते. सांगायला हात जड होतो, पण तिच्याशिवाय मिलिंद सांगून होत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडची वीज दुपारनंतर जायला लागली. मिळवणीला वेळ लागायचा, सकाळी सुरू केली तरी अर्ध्यात वीज जायची, बॅटरी दम टाकायची, आणि पेनड्राइव्हवरच्या नोंदी तुटक्या व्हायच्या. मिलिंदने आधीच एक झाडूवाला लिहून ठेवला होता. म्हणजे मिळवणी संपली की प्रत्येक ओळ तपासायची, मोडकी असेल ती काढून टाकायची आणि दारावरचा आकडा दुरुस्त करायचा. गुपचूप. आम्हाला त्रास नको म्हणून. तरी वेळ पुरेना. तेव्हा त्याने मिळवणीच नव्याने लिहिली, झपाझप होईल अशी. आश्रमशाळेतल्या मुलांची तपासणी नुकतीच झाली होती, त्या नोंदी घेऊन त्याने ती चालवून पाहिली. एकही नाव इकडचं तिकडे नाही. आधी अर्धा दिवस लागायचा, आता चहा निवायच्या आत काम फत्ते. त्या दिवशी त्याने स्वतःच्या खिशातून सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. तर्री इतकी तिखट की डॉक्टरबाईंच्या डोळ्यांतून पाणी, आणि हा म्हणतो, "हे आनंदाश्रू हायत, लिवून ठेवा."

पण आश्रमशाळेतल्या त्या मुलांची नोंद नवीन होती. प्रत्येकाच्या वाडीत एकच वाफा. मिलिंदने घर उचलताना एका ठिकाणी वाडी मोजली नव्हती. एका स्ट्रक्चरपुढे बरोबरचं चिन्ह लिहून त्यापुढे दुसरं स्ट्रक्चर ठेवलं होतं, बस, एवढंच. मशीनने तिच्या हिशेबाने घर आणि एक वाफा उचलला. एक वाफा असलेली सगळी माणसं सुखरूप आली. ज्यांना जास्त वेळा रक्त चढलेलं, म्हणजे जी जास्त आजारी, त्यांच्या मागे दुसरंच काहीतरी कचऱ्यासारखं आलं, आणि मागून येणाऱ्या झाडूवाल्याने तो कचरा झाडून दारावर "एक" लिहून टाकलं. पडद्यावर सगळं स्वच्छ. कुणाला शंका यावी असं काहीच नाही.

सगुणा आली ती तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीची पानं तोडायच्या दिवसांत. जिवतीकडची, गोंडाची पोरगी, नुकतं लग्न ठरलेली. उन्हात पाणी कमी पडलं की सिकलसेल उसळतो, त्यामुळे तेंदूच्या हंगामात आमच्या खाटा भरतात. तिला काकाने आणलं. आई पत्ता तोडायला दूर जंगलात होती, फोन लागत नव्हता. रक्त फार उतरलं होतं, ओठ पांढरे. तशातही मला म्हणाली, "बाई, माह्या नावापुढं अजून बापाचंच नाव हाय ना? अजून बदलू नोका." मी म्हटलं, "नाई बदलत, तू आधी बरी हो." डॉक्टरबाईंनी पडद्यावर पाहिलं. सगुणाच्या नावामागे एकच ओळ होती, खूप जुनी, लहानपणची. काका म्हणाला, मले काई माहीत नाई, मी नांदगावले राह्यतो. सगुणाला तोवर ग्लानी आली होती, ती काही सांगायच्या स्थितीत नव्हती. रक्त जुळवून पाहिलं, जुळलं. बाटली चढवली. दोन दिवसांत पोरगी उठून बसली, गालावर रंग आला, वॉर्डात गाणंही म्हटलं म्हणे.

आठवड्याच्या आतच तिला लघवी काळी झाली. डोळे पिवळे. ताप.

त्याच दिवशी आई पोहोचली. फुलाबाई नाव तिचं. अंगाला अजून जंगलाचा वास, बोटं पत्त्याच्या चिकाने काळी. सगुणा तिला "यायो" म्हणायची, गोंडीत आईला तसं म्हणतात. खाटेवरून ती "यायो" म्हणाली आणि फुलाबाई डॉक्टरबाईंकडे वळली. "बाई, इले इथलं रगत काऊन देल्लं? इले नागपूरहून मांगवा लागते ना! तुमीच तर सांगितलं होतं मागं, इले साधं रगत चालत नाई म्हनून!"

ते या डॉक्टरबाई येण्याआधीचं होतं, आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी मला बोलावलं. मी पडदा दाखवला. एक ओळ. फुलाबाई वाचत नव्हती, पण तिने विचारलं, "किती डाव लिवलं हाय?" मी म्हटलं, "एक." तिने खाटेकडे बोट केलं. "एक? अवो, हातात शीर सापडत नाई हिच्या एवढं रगत चढलं." कार्ड कुठे आहे विचारलं तर म्हणाली, कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलं होतं, उधईनं खाल्लं.

मी अंगणात गेले. मिलिंद वाचत फिरत होता. मी एवढंच म्हटलं, "मिलिंद, सगुणाच्या मांग एकच ओळ दिसते. तिची माय म्हनते लई डाव चढलं."

तो थांबला. कंस उघडा होता, तरी थांबला. कागद हातातून पडले ते त्याने उचलले नाहीत. आत जाऊन त्याने मिळवणीचा कोड उघडला आणि बोटाने ओळ शोधू लागला. एका जागी बोट थांबलं. मी त्याचा चेहरा कडेने पाहत होते. माणसाच्या चेहऱ्यातून रक्त उतरताना मी खिडकीवर बसून पुष्कळ पाहिलंय, पण निरोगी माणसाच्या नाही.

"बाई," तो म्हणाला, "मी सगळ्यांचं घर उचललं आनि वाडी तिथंच सोडली."

इथे थोडं रक्ताचं सांगावं लागेल. ज्यांना वारंवार रक्त चढतं त्यांचं शरीर परक्या रक्तातल्या एखाद्या खुणेशी वैर धरतं. काही महिन्यांनी ते वैर झोपी जातं, तपासणीत दिसतही नाही. पण तीच खूण असलेलं रक्त पुन्हा दिलं की जागं होतं आणि चढवलेलं सगळं रक्त फोडायला लागतं. लगेच नाही, काही दिवसांनी, सगळे निश्चिंत झाल्यावर. म्हणून वैर पूर्वी कधी दिसलं होतं, कोणत्या खुणेशी, ते जपून ठेवायचं असतं. ते सगुणाच्या मागच्या ओळींत होतं. आता तिला पुन्हा रक्त द्यायला हवं होतं आणि ते कोणतं द्यायचं हे कळल्याशिवाय देता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी रक्ताचा नमुना गाडीने नागपूरला पाठवला. तिला हलवावं अशी तिची अवस्था राहिली नव्हती. नमुना पोहोचून उत्तर येईपर्यंत पोरगी टिकेल का, हा प्रश्न होता.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "जुनी प्रत असेल ना?"

मिलिंद म्हणाला, "दर शनिवारी काढतो म्याडम. एकच डिस्क हाय आपल्याकडं. जुन्यावरच नवीन लिवतो. केंद्रावरचे पेनड्राइव्ह पन दर मिळवणीनंतर रिकामे होते." त्या डिस्कवरही तीच अर्धी माणसं होती.

पण मशीन पुसत नाही. तिला जागा मोकळी झाली असं सांगितलं, तर ती नुसती खूण करून ठेवते. जुनं लिखाण खाली तसंच पडलेलं असतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. मिलिंदने सगळ्यांना मशीनला हात लावायची बंदी केली आणि डिस्कचा कण न् कण चाळणारा प्रोग्राम लिहायला बसला. मी शेजारी. सकाळपासून तो लिहीत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो एक अक्षरही मोठ्याने बोलला नाही. बुद्धपौर्णिमा होती. दरवर्षी विहारात खीर वाढायला हाच पुढे असायचा. दुपारी त्याची आई डबा घेऊन इथेच आली. "खाऊन घे रे, बाळा." त्याने ऐकलंच नाही. ती माऊली डबा माझ्या टेबलावर ठेवून, खीर सांडू नये म्हणून खाली कागद सारून, तशीच बाहेर बाकावर बसून राहिली.

ओळी सापडायला लागल्या. पडद्यावर एकामागून एक येऊ लागल्या, तारीख, केंद्र, बाटली, खूण. मी आनंदाने ओरडले, "आल्या! मिलिंद, आल्या रे!"

तो म्हणाला, "नावं पाहा बाई."

नावं नव्हती. नाव घराच्या दारावर असतं ना. वाफ्यावर कोण नाव लिहितं? घरापासून तुटलेल्या शेकडो ओळी समोर पडल्या होत्या आणि त्यातली एकही कुणाची आहे हे सांगत नव्हती. "बेवारस," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मीच एक-एक बाइट वाचवत होतो बाई. प्रत्येक ओळीत नंबर टाकला असता तर चार बाइट जास्त लागले असते. चार."

मी फुलाबाईला आत आणलं. खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसली. मिलिंदही खाली बसला, मशीनचा पडदा तिरका करून. "माय, आठवून सांग. सगुणाले रगत कवा कवा देल्लं?"

तारखा तिच्याजवळ नव्हत्या, वर्षं होती. "एक डाव मोहफुलाच्या टायमाले. धाकटी गौरी तवा नुकती चालाले लागली होती. मंग एक डाव पोळा झाल्यावर, बैलाचं शिंग रंगवलेलं तसंच होतं. मंग ज्या साली आमच्या घाटातला पूल गेला त्या साली. तवा इथं नाई, त्या दुसऱ्या केंद्रात." मी विचारत होते, गौरी केवढी होती, पूल कधी गेला, आणि तो ओळी चाळत होता. एकेक ओळ सगुणाच्या नावाखाली जाऊन बसत होती. पण वैराची ओळ अडली. त्याच केंद्रावर, त्याच मोसमात दोन ओळी होत्या, दोन वेगळ्या खुणांच्या. एक सगुणाची, दुसरी आणखी कुणाची तरी. कोणती कुणाची?

"माय, तवा संगं अजून कोन होतं वॉर्डात?"

"होती एक पोरगी. नाव माहीत नाई. तिची माय रडे."

मिलिंद धावत डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, दोन्ही खुणा नसलेलंच रक्त मागवते. असं रक्त कमी माणसांत असतं. फोनवर फोन झाले. शेवटी नागपुरात एक बाटली निघाली आणि गाडी सुटली. मिलिंद फाटकाशी जाऊन उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. मी छत्री घेऊन गेले तर म्हणाला, "तुमी आत जा बाई, तिच्या जवळ बसा."

मी बसले. सगुणाने माझा हात धरला नाही, आईचाच धरला होता. गाडी मूल गावाच्या अलीकडे पोहोचल्याचा फोन आला, त्यानंतर थोड्याच वेळात ती गेली. बाटली पोहोचली तेव्हा ड्रायव्हर धापा टाकत पळत आला, आणि फाटकाशी मिलिंदने त्याच्या हातून ती पेटी घेतली. कुणी त्याला सांगायला गेलं नव्हतं. त्याने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं आणि त्याला कळलं. पेटी छातीशी धरून तो तिथेच खाली बसला. डॉक्टरबाईंनी ती हळूच काढून घेतली, फ्रिजमध्ये ठेवायला, कारण ते रक्त अजून कुणाच्या तरी कामाचं होतं.

पुढचे काही आठवडे तो जेवला कधी, झोपला कधी, मला ठाऊक नाही. ट्रस्टच्या बैठकीत कुणी म्हणालं, मशीनमध्ये बिघाड झाला असं लिहा. मिलिंद उभा राहिला. "मशीनले जे सांगितलं ते तिनं केलं. सांगनारा मी होतो." तसंच लिहायला लावलं. मग आम्ही दोघं जीपने गावोगाव निघालो. बेवारस ओळींना वारस शोधायला. त्या त्या गावच्या आरोग्यसेविका, आशाताई, सोबत असायच्या. ओट्यावर बसायचं, विचारायचं. कुणी सांगे, नातू झाला तवा. कुणी, वाघानं बकरी नेली त्या महिन्यात. मिलिंद एकेक ओळ जुळवायचा, घरधन्याला वाचून दाखवायचा, "बराबर हाय का भाऊ?" आणि तो हो म्हणेपर्यंत पुढे सरकायचा नाही. याच फिरण्यात ती दुसरी पोरगीही सापडली, जिची माय रडत होती. तिच्याकडचं कार्ड शाबूत होतं. त्यावरून कळलं, दोन ओळींपैकी सगुणाची कोणती. मिलिंदने ती सगुणाच्या नावाखाली नेऊन ठेवली. मी म्हटलं, "आता काय उपयोग रे?" तो म्हणाला, "उपयोगासाठी नाई ठेवली."

सगुणाच्या गावी आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. तो टाळत होता असं मी म्हणणार नाही, पण शेवटी गेलो. जिवतीचा चढ चढताना जीप दोनदा बंद पडली. फुलाबाई दारात तूर पाखडत होती. तिने पाणी आणून दिलं. त्याने तांब्या हातात घेतला आणि प्यायला नाही.

"माय, सगुणाचं जे झालं ते माह्यामुळं झालं. तिच्या ओळी माह्या हातानं गेल्या. डॉक्टरबाईची चूक नाई, मशीनची नाई. मी मोजलं नाई."

फुलाबाई पाखडतच राहिली. मग तिने विचारलं, "मुद्दाम केलं का?"

"नाई."

"मले तुमच्या मशीनचं समजत नाई. तुले शिव्या देऊन पोरगी येनार नाई, नाई तर देल्ल्या असत्या. लई देल्ल्या असत्या." तिने सूप खाली ठेवलं. आतून एक मुलगी डोकावली, आठ-नऊ वर्षांची, सगुणासारखेच मोठे डोळे. "हे गौरी. इलेबी तोच आजार हाय. इचं सगळं लिवलेलं हाय का त्याच्यात? पूर्न?"

मिलिंदने सोबत आणलेला लॅपटॉप उघडला. गौरीच्या काही ओळी जुळल्या होत्या, काही नव्हत्या. तो खोटं बोलू शकला असता. मला वाटलं, बोलावं, त्या बाईसाठी तरी बोलावं. तो म्हणाला, "अजून नाई, माय."

"मंग इथं काय बसला?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी शांतपणे. "जा."

आम्ही उठलो. उतारावर मिलिंद रडला. लहान मुलासारखा, ड्रायव्हरसमोर, तोंड न झाकता. ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली आणि उगाचच बोनेट उघडून उभा राहिला.

गौरीच्या सगळ्या ओळी सापडल्या. आणखीही पुष्कळांच्या. सगळ्यांच्या नाही, काही अजून बेवारस आहेत, त्या मी रोज थोड्या चाळते, फोन करते. जाण्याआधी मिलिंदने सगळी रचना बदलली. आता प्रत्येक ओळीवर तिच्या माणसाचा नंबर आहे. कंसातला तो एक काढून जागा रिकामी ठेवलीय, म्हणजे न मोजता कुणी घर उचललं तर पहिल्याच ओळीला बोंब होईल, एक वाफा येऊन फसवणार नाही. झाडूवालाही आता गुपचूप झाडत नाही, मोडकी ओळ दिसली की थांबतो आणि मला विचारतो. जागा जास्त जाते, वेळ जास्त लागतो, वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरबाईंनी मिलिंदला थांबवायचा फार प्रयत्न केला. तो एवढंच म्हणाला, "म्याडम, आता हे माह्याबिगर चालते. तेच पाहिजे होतं." आईला घेऊन तो गेला. कुठे, ते सांगितलं नाही. नंबर मात्र माझ्याजवळ ठेवला.

मागल्या उन्हाळ्यात गौरीला आणलं. फुलाबाई सोबतच होती. पडद्यावर गौरीच्या ओळी उघडल्या, एका ओळीत वैराची खूण होती. नर्सने आणलेली बाटली डॉक्टरबाईंनी परत पाठवली, दुसरी मागवली, ती चढली. मी बाहेर येऊन मिलिंदला फोन लावला. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकत होते. म्हटलं, "गौरीले रक्त चढलं रे. बराबर वालं. हसून राह्यली पोरगी."

पलीकडे त्याने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाला, "उद्या पन सांगा बाई. रोज सांगा. आठवडाभर."

मी रोज सांगितलं. लघवी साफ आहे, डोळे पांढरे आहेत, ताप नाही, आज भात मागून खाल्ला, आज नर्सच्या केसांत तिने फूल खोचलं. तो "बरं" म्हणायचा आणि ठेवायचा. आठवडा सरला तेव्हा सांगितलं, गौरी घरी गेली, चालत गेली. तो म्हणाला, "स्वतःच्या पायानं?" मी म्हटलं, "हो रे बाबा, स्वतःच्या पायानं. मायच्या पुढं पुढं."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर तो नंबर लागत नाही.